वर्ग पंचवीस

नोटीस इंग्रजीत आली.
शहापूरच्या आमच्या गल्लीत, जिथं दुकानाच्या पाटीवर
वर कन्नड ठसठशीत
अन् खाली मराठी मुंगीएवढी,
तिथं पोस्टमननं सही घेऊन तिसरीच भाषा हातात दिली.

मलप्रभा स्क्रीन पुसायची थांबली.
"कुणाचं लग्न ओ अण्णा?"
लग्न नव्हे. मुंबईच्या कंपनीचं म्हणणं,
आमच्या सिनेमातलं वाक्य तुम्ही टीशर्टवर छापता.
छपाई बंद करा. शिल्लक माल नष्ट करा.
आजवरच्या नफ्याचा हिशोब पंधरा दिवसांत द्या.

वाक्य एवढंच:
उधारी मनात नको, वहीत ठेव.

पडद्यावर हिरो शेवटी भावाला म्हणतो
अन् थेटरात शिट्ट्या.
मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पोरं त्याच्या आधीच म्हणाली.
सोमवारी स्क्रीन काढली,
काळ्यावर पिवळा, मागं वहीच्या लाल रेघा,
दोनशे चाळीस नग.
कॉलेजच्या पोरांनी नेले, मार्केटातल्या हमालांनी नेले,
एका पंचायत मेंबरनं तर पोराला, मेव्हण्याला, स्वतःला.

हुद्दार वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.
अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत, उरलेलं खाकरण्यात सांगितलं:
"पाच शब्दांवर कॉपीराइट टिकंल असं मला वाटत नाही.
पाच शब्द म्हणजे घर नव्हे, वीट.
पण ह्यांनी ट्रेडमार्क घेतलाय की ओ.
वर्ग पंचवीस. कपडे, चपला, टोप्या.
तोंडानं म्हण, दिवसभर म्हण, कोण विचारत नाही.
छातीवर छापलंस की वांधा."

अन् चहाच्या कपावर?
"तो एकवीस. बघून सांगतो."

चौतीस वर्षं कापडाला रंग लावतोय,
आज कळलं मी पंचविसात राहतो.

आता हे सांगायला हवं.
राजहंसगडावर शूटिंग होतं, दोन वर्षं झाली,
तेव्हा त्यांचा लेखक, दाढीवाला, सतत खोकणारा,
खडेबाजारात कल्लाप्पाच्या बाकड्यावर बसायचा.
तीन दिवसांचे पैसे राहिले म्हणून ओशाळला,
तर कल्लाप्पा पातेल्यावरची मान न उचलता म्हणाला,
"मनसिन्याग इडब्याड्री, वहियाग इड्री."
लेखकानं शेजारच्याला अर्थ विचारला.
शेजारचा मी होतो.
मी मराठी करून दिलं.
त्यातला 'नको' माझा.

हुद्दार हसले नाहीत. "साक्षीदार?"
कल्लाप्पाला आठवत नाही.
म्हणतो, माझा बाप म्हणायचा,
त्यानं ऐकलेलं निपाणीच्या कुणा तंबाखूवाल्या दलालाकडनं.
"मग त्या दलालाला शोध," वकील म्हणाले,
अन् पुढच्या अशिलाला हाक मारली.

रात्री नफा काढायला बसलो.
एकशे सत्तावीस रोख.
त्रेपन्न शिल्लक, पोत्यात.
साठ उधारीवर, नावासकट, तारखेसकट.
मनात एकही नाही.
कल्लाप्पाचा डबल एक्सेल मार्चपासून बाकी.
मलप्रभा म्हणाली, "ही वहीच पाठवा की त्यांना.
करू देत वसुली. मेंबरपासनं सुरू करा म्हणावं."

स्क्रीन धुतली. ब्लीच मारलं, ब्रश घासला,
पाण्याचा फवारा धरून धरून हात बधिर.
रंग गेला, इमल्शन गेलं.
जाळी बल्बसमोर धरली तर अक्षरं तिथंच,
फिकट, दुधात पडलेल्या सावलीसारखी.
छपाईत येत नाहीत म्हणतात.
त्याच जाळीवर आता उचगावच्या कबड्डी संघाचे नंबर आहेत.
पहिला नग मी उन्हात नेऊन
उगीच दोनदा पाहिला.

सकाळी कल्लाप्पाकडं गेलो.
अंगात त्याच्या तोच काळा,
पोटावर पिवळा रंग भेगाळलेला, 'वहीत' अर्धं उडालेलं.
चहा घेतला. सुटे नव्हते.
त्यानं वही ओढली, पेन्सिल जिभेला लावली,
माझं नाव लिहिलं.
काही बोलला नाही.